परतीचे भाडे

गुरुवारी महिला मंडळाची प्रार्थना साडेपाचच्या सुमारास संपते. त्यानंतर चहा होईपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटे माझी. चर्चच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. वरच्या फळीवर पवित्र शास्त्रावरची भाष्ये, दुसरीवर जुनी गायनांची पुस्तके आणि तिसरीवर माझ्या हवाली केलेल्या कादंबऱ्या. जवळजवळ सगळ्या इंग्रजी, जवळजवळ सगळ्या अमेरिकेतून आलेल्या. धाकटी बहीण मिनेसोटात असते. तिकडच्या चर्चमध्ये जुन्या पुस्तकांची विक्री लागली की ती पिशवीभर उचलते आणि नगरकडे कोणी यायला निघाले की त्यांच्या सामानात देते. मुखपृष्ठे एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशी: पायघोळ झग्यातली बाई, पाठमोरी, समोर गव्हाचे शेत नाहीतर डोंगर. आत जुना काळ, एक प्रेमकथा, आणि त्या दोघांना आपापल्या जागी हाक मारणारा देव.

मंडळातल्या बहुतेकींना इंग्रजी कादंबरी वाचवत नाही. त्यामुळे पुस्तक सुचवायचे म्हणजे आधी ते सांगायचे. चार-पाच गुरुवारांत एक गोष्ट होते. मग कॉलेजात जाणारी, नर्सिंग केलेली एखादी मुलगी ते घरी नेते आणि उरलेले रात्री आईला वाचून दाखवते. ही वही त्यासाठीच ठेवली आहे. काय सांगितले, कोणी काय विचारले, कोणते पुस्तक कोणाला द्यायचे आणि कोणाला द्यायचे नाही.

*

जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' पुन्हा सांगायला घेतली. आडनाव आपल्या ओकांसारखेच उच्चारायचे, पण बाई कॅनडातल्या, 1935 साली आल्बर्टाच्या माळावर जन्मलेल्या. कादंबरी 1979 ची, मिनेसोटातल्याच बेथनी हाऊसने काढलेली. या प्रकाराच्या कादंबऱ्यांचे तिकडे आज जे पीक आहे, त्याची पहिली पेरणी या छोट्या पुस्तकाने केली.

मार्टी आणि तिचा नवरा क्लेम छपराच्या गाडीतून पश्चिमेला निघालेले, जमीन मिळेल म्हणून. वाटेत अपघात होऊन क्लेम जातो. मार्टी कोवळ्या वयाची, पोटुशी. ओळखीचे कोणी नाही, हिवाळा तोंडावर. क्लेमला पुरले त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस नावाचा शेतकरी तिच्यापुढे येऊन उभा राहतो. त्याची बायको वारलेली, घरात एवढीशी मिसी. फिरता पाळक नेमका त्या दिवशी त्या भागात आलेला, पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. क्लार्क म्हणतो, माझ्याशी लग्न कर. पोरीला आई हवी, तुला छप्पर हवे. मी पडवीत निजेन. आणि वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेकडे परतेल, तेव्हा तुला माहेरी जायचे असेल तर भाडे मी देईन. एकच अट, मिसीला बरोबर ने.

अमेरिकेतल्या वाचकिणीला इथे नवल वाटते ते आधी लग्न, मग प्रेम या उलट्या क्रमाचे. तो क्रम पटावा म्हणून लेखिकेला शंभरावर वर्षे मागे जावे लागते, माळ निर्जन ठेवावा लागतो, थंडी आणावी लागते, पाळकाला घाईत ठेवावे लागते. आमच्या खोलीत त्याचे कोणाला काही वाटले नाही. एक आजी चष्मा पुसत म्हणाल्या, "माझं तरी काय वेगळं झालं?" त्यांनी नवऱ्याचे तोंड धड पाहिले ते लग्नानंतर आठवड्याने. त्यांना नवल वाटले भाड्याचे.

"परत जायचं भाडं? तो देणार?"

"हो, आजी."

"आणि पोरगीसुद्धा देणार?"

मी हे पुस्तक याआधी दोनदा सांगितले होते, आणि भाड्याचे वाक्य दोन्ही वेळा भरभर सांगून पुढे गेले होते. कथानकाची सोय, असेच समजले होते. त्या रात्री घरी येऊन ते प्रकरण पुन्हा काढले. क्लार्क मार्टीला धर्म शिकवायला बसत नाही. जेवणाआधी प्रार्थना करतो, शास्त्र उघडून वाचतो, आपल्या कामाला जातो. ती ऐकते, रागावते, रडते, आणि हळूहळू स्वतः विचारू लागते. तिला विचारता येते, कारण दार उघडे आहे हे तिला ठाऊक आहे. बायको आणि लेक दोघी जातील अशी वाट ज्याने स्वतःच्या खर्चाने मोकळी ठेवली, त्याच्या देवाबद्दल ऐकायला मार्टी तयार होते. आजींनी बरोबर जागी बोट ठेवले.

*

प्रेअरीला मी माळ म्हणते. मार्टीला स्वयंपाक येत नाही, सुरुवातीला ती प्रत्येक जेवणाला पॅनकेकच घालते. ती माझ्याकडे धिरडी होतात. 'लव्ह'ला मात्र अडते. 'प्रेम' म्हटले की मुली एकमेकींकडे बघतात. 'प्रीती' म्हटले की शास्त्र आठवते. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आमच्याकडे लग्नात वाचतात, तिथे शब्द प्रीतीच आहे. ओकबाईंची सगळी गोष्ट या दोन शब्दांमधल्या वाटेवर चालते. म्हणून शेवटच्या गुरुवारपर्यंत मी दोन्ही वापरत नाही. त्याने लाकडे फोडली, तिने मिसीचे केस विंचरले, असे सांगत जाते. शेवटी कोणता शब्द घ्यायचा ते ऐकणाऱ्यांवर सोडते. मागच्या वेळी खोलीत "जीव लागला" असे कोणीतरी म्हणाले. तोच घेतला.

*

या कादंबऱ्यांत शय्यागृहाचे दार वाचकासाठी बंदच राहते. शिवीगाळही नाही. हे या प्रकाशकांचे पाळलेले पथ्य आहे, आणि आया निर्धास्तपणे मुलींच्या हाती पुस्तक देतात ते त्यामुळेच. पण पथ्य पाळले की कादंबरी चांगली झाली असे नाही. चांगल्या लेखिकेच्या हातात त्या बंद दाराचा उपयोग होतो: बाकी सगळे तिला हातांच्या कामातून दाखवावे लागते. भाकर, कुऱ्हाड, पाण्याची बादली, आजारपणात बदललेली चादर. जिला हे जमत नाही ती दर दोन पानांनी नायकाच्या निळ्या डोळ्यांकडे वळते. अशी पुस्तके बहिणीच्या पिशवीतून बरीच येतात. मी ती ठेवून घेते, पण सांगत नाही.

*

कपाटाच्या तळाशी पुठ्ठा सुटलेले एक पुस्तक होते: ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल यांची 'मार्सिया स्कायलर', 1908 ची. कोण्या मिशनरी बाईंच्या सामानातून मागे राहिलेले असावे. हिलबाईंचा जन्म 1865 चा, मृत्यू 1947 चा. शंभराहून अधिक कादंबऱ्या. नवरा पाळक होता, तो 1899 मध्ये गेला, पदरात दोन मुली, मग लेखणीवर घर चालवले. ओकबाईंच्या कितीतरी आधीची ही वाट.

मार्सियाची थोरली बहीण केट लग्नाच्या आदल्या रात्री दुसऱ्याबरोबर निघून जाते, आणि सतरा वर्षांच्या मार्सियाला बहिणीच्या जागी उभे करतात. डेव्हिड माणूस भला आहे, पुढे सगळे नीट होते. तरी त्या रात्री मार्सियाला नाही म्हणायला जागा कोणी ठेवली, हे मी पुन्हा पुन्हा शोधले. सापडले नाही. मागेल तिला हे पुस्तक देते. स्वतःहून सुचवत नाही.

*

आता 'रिडीमिंग लव्ह'. याबद्दल नीट लिहायला हवे.

फ्रान्सिन रिव्हर्स आधी साध्या, बाजारात खपणाऱ्या प्रेमकादंबऱ्या लिहीत. 1986 मध्ये ख्रिस्ताकडे वळल्या आणि काही काळ लेखन थांबले. पुढे होशेयाचा ग्रंथ वाचताना ही कादंबरी सुचली. 1991 मध्ये बॅन्टमने काढली. 1997 मध्ये लेखिकेने हात फिरवलेली आवृत्ती मल्टनोमाने काढली, आणि आज सगळीकडे दिसते ती हीच. 2022 मध्ये चित्रपटही आला. होशेय संदेष्ट्याला देव सांगतो की व्यभिचारी स्त्रीशी लग्न कर; गोमर त्याला सोडून जाते आणि तो तिला दाम मोजून परत आणतो. रिव्हर्सबाईंनी हे 1850 च्या कॅलिफोर्नियात नेले, सोने सापडल्यावर झुंडीने आलेल्या माणसांच्या मुलखात. एंजल लहान पोर असतानाच विकली गेलेली. मायकल होशेय शेतकरी.

बालपणीच मोडलेल्या बाईला कोणी चांगले वागले तरी धास्ती वाटते, त्या चांगुलपणाची किंमत कधी मागतील याचीच ती वाट बघत राहते, हे या पुस्तकाइतके खोल जाऊन लिहिलेले मी या प्रकारात दुसरे वाचलेले नाही. ज्यांच्यावर लहानपणी असे काही ओढवले त्या बाया हे पुस्तक छातीशी धरतात, ते उगाच नाही.

पण एंजल लग्नाला हो म्हणते ती बेदम मार खाऊन, अर्धवट शुद्धीत. मग ती पळते, तो आणतो. पुन्हा पळते, पुन्हा आणतो. होशेयाच्या ग्रंथात नवरा म्हणजे देव आणि बायको म्हणजे इस्राएल, तिथे हा पाठलाग कृपा ठरतो. माणसाच्या घरात तोच पाठलाग दुसरे काही होऊ शकतो. लेखिकेलाही हे जाणवले असावे, कारण शेवटी एंजल सॅन फ्रान्सिस्कोला निघून जाते, तीन वर्षे तिथे राहते, आपल्यासारख्या मुलींसाठी घर उभे करते, आणि या खेपेला मायकल तिला आणायला जात नाही. ती परत येते ती स्वतःच्या पायांनी. माझ्या लेखी कादंबरी तिथे सुरू होते.

हे मला आज कळते. चार वर्षांपूर्वी कळत नव्हते.

चार वर्षांपूर्वी मंडळात नव्याने येऊ लागलेल्या एका मुलीला मी हे पुस्तक दिले. नर्सिंग झालेली, इंग्रजी चांगले, वाचायची आवड. लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची, मे महिन्यातसुद्धा. ते माझ्या डोळ्यांना दिसत होते आणि मी पाहिले नाही. तीन आठवड्यांनी पुस्तक परत देताना म्हणाली, "ताई, एंजल परत जाते तेव्हाच तिचं भलं होतं ना? मी उगाच माहेरी जायचं म्हणत होते."

हातातला कप मी खाली ठेवला. तिने कादंबरीत स्वतःला एंजल मानले होते आणि मारणाऱ्याला मायकल. मी तिला तिथेच बसवले आणि सांगितले की मायकल हात उगारत नाही. एंजल मारणाऱ्यांकडून सुटून येते. तुझे घर त्या गोष्टीत कुठले, ते बघ. मग पाळकीणबाईंना बोलावले. संध्याकाळी आम्ही दोघी तिच्याबरोबर तिच्या भावाकडे गेलो.

तेव्हापासून वहीत या पुस्तकापुढे लिहिले आहे: आधी घरची चौकशी, मग पुस्तक. आणि देताना शेवटची तीन वर्षे आपण होऊन सांगायची.

*

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 ची, ही ख्रिस्ती कादंबरी आहे आणि तिच्या मुळाशी एक लग्न आहे. बाबा बेळगावचे, 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. यमुना आणि विनायक हे जोडपे प्रवासाला निघते आणि गावोगावी विधवांचे हाल बघते. मग यमुनेवरच वैधव्य येते. पुढे ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, पुस्तक पुढच्याच वर्षी. प्रेमकथा म्हणून ते लिहिलेले नाही. उपदेश पुष्कळ, पात्रे भेटतात ती हकिकत सांगण्यापुरती. तरी नवरा-बायको एका गाडीतून जात आहेत, दोघे मिळून पाहत आहेत, त्यावर एकमेकांशी बोलत आहेत, हे चित्र त्या काळच्या मराठीत कुठून आणायचे? मी ते मुलींना एवढ्यासाठी सांगते.

*

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिसऱ्या फळीवर ठेवली म्हणून एक ताई रागावल्या. "ती काय कादंबरी आहे?" नाही. पण अमेरिकेतल्या या सगळ्या पुस्तकांना मी ज्या मापाने मोजते ते माप तिथेच आहे, म्हणून हाताशी हवे.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळले. पुढची काही वर्षे दोघे वेगळे. ती नातलगांकडे, पदरात लहानगा दत्तू. मग ती त्यांच्याकडे यायला तयार झाली, पण आपले सोवळे-ओवळे घेऊन. जातीचा विचार तिच्या मनातून गेला तो तिच्याच विचाराने, आणि बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. नवऱ्याने घेतला म्हणून तिने घेतला, असे त्या पुस्तकात कुठेही नाही. टिळक रागीट होते, लहरी होते, घरातले होते नव्हते ते देऊन टाकणारे होते. ती ते सगळे लिहिते आणि त्यांच्यावरची माया एका ओळीतही लपत नाही. ते गेल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' तिने पुरे केले.

क्लार्कने भाडे देऊ केले आणि मार्टीने ते घेतले नाही. लक्ष्मीबाई आधी गेलीच. दूर राहिली, लोकांचे बोलणे ऐकले, आणि स्वतःच्या मनाने परतली. एखादी अमेरिकन कादंबरी वाचताना नायिका चौथ्या प्रकरणात गुडघे टेकते आणि पाचव्यात लग्न ठरते, तेव्हा मी पुस्तक पालथे ठेवून लक्ष्मीबाईंची ती वर्षे आठवते. पाच वर्षांना पर्याय नसतो असे वाटते.

यातले बरेचसे आमच्याच नगरच्या रस्त्यांवर घडले. हे सांगितले की मुली मान वर करतात.

*

लिन ऑस्टिन यांची 'अ लाइट टू माय पाथ', 2004. अमेरिकेच्या यादवी युद्धावरच्या मालिकेतली तिसरी. पहिल्या दोन्हींत नायिका गोऱ्या. इथे किटी आणि ग्रेडी, दोघे गुलाम, दक्षिण कॅरोलिनात. गुलामांच्या लग्नाला तिथे कायदा मानत नसे. मालकाला वाटले तर नवरा एका गावी विकला, बायको दुसऱ्या. ग्रेडीला तर लहानपणीच आईपासून ओढून नेऊन विकलेले. त्याचा राग देवावर आहे आणि लेखिका तो राग घाईने विझवत नाही. मालकाच्या घरी तोच येशू, त्याच प्रार्थना. मग ग्रेडीने त्या येशूचे काय करायचे? ख्रिस्ती कादंबरीने हा प्रश्न टाळला तर तिचा इतिहास नुसता कपडेपट उरतो.

आमच्या मंडळात यावर जे बोलणे झाले ते वहीत उतरवत नाही. आमच्यापैकी बहुतेकींच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. ग्रेडीचा राग कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

*

कॅरन विटमायर यांची 'अ‍ॅट लव्ह्ज कमांड', 2020. सुरुवात 29 डिसेंबर 1890 ला, वुंडेड नी इथे. अमेरिकी फौजेने त्या दिवशी लाकोटा लोकांची कत्तल केली, बायकापोरांसकट. मेले ते किमान 150, काही गणतींत 300 च्या आसपास. कादंबरीचा नायक त्या फौजेतला अधिकारी. जे पाहिले त्याने तो हादरतो, फौज सोडतो आणि पुढचे आयुष्य दुर्बळांच्या रक्षणाला वाहतो. 2021 मध्ये रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघाने तिला पारितोषिक दिले, त्यावर गदारोळ झाला आणि संघाने ते मागे घेतले.

मी दोन्ही बाजू वाचल्या, मग पुस्तक वाचले. पश्चात्ताप झालेला सैनिक नायक होऊ नये असे मला वाटत नाही. मग पौलाचे काय करायचे? पण पश्चात्ताप कोणापुढे, हा प्रश्न उरतोच. मेलेल्यांपैकी एकालाही त्या गोष्टीत बोलायला मिळत नाही. त्यांचे मरण नायकाचे मन घडवण्याच्या कामी येते आणि कथा पुढे घोड्यावर बसून निघून जाते. हे मला सोसवले नाही. फळीवर ठेवलेले नाही.

त्या जागी लोरी बेंटन यांची 'बर्निंग स्काय', 2013. विला ही गोरी मुलगी मोहॉक लोकांनी पळवून नेऊन वाढवलेली. बारा वर्षांनी, 1784 मध्ये, नवरा आणि लेकरे गमावून ती जुन्या घरी परतते. आईबाप बेपत्ता, जमीन लिलावाला निघालेली. तिला दोन्ही घरे आपली आणि दोन्हीकडे परकेपणा. तिचा मोहॉक मानलेला भाऊ या गोष्टीत भरभरून बोलतो, दुखावतो, प्रार्थना करतो. सांगायला कठीण, नावे लांब. तरी सांगणार.

*

सासू-सुनेच्या प्रीतीवरची अख्खी प्रेमकथा हवी असेल तर लिझ कर्टिस हिग्ज. 'हिअर बर्न्स माय कँडल', 2010, आणि तिचा पुढचा भाग 'माइन इज द नाइट'. पवित्र शास्त्रातल्या रूथ आणि नामीची गोष्ट 1745 च्या स्कॉटलंडमध्ये, राजपुत्र चार्ल्सच्या बंडाच्या धामधुमीत. सासूचे दोन्ही मुलगे जातात, घरदार जाते, आणि सून तिची पाठ सोडत नाही. सासू सुरुवातीला मुळीच गोड नाही, हे मला फार आवडले. रूथशी लग्न करणाऱ्या बवाजाचा अवतार येतो, पण दुसऱ्या भागात, सावकाश. इथेही नामी आधी रूथला परत जा म्हणून सांगते, आणि रूथ ऐकत नाही. परतीची वाट दाखवणारी आणि ती न घेणारी, दोघी बाया.

मंडळात सासू-सून दोघी येतात अशी एक जोडी आहे, दोघी विधवा, शिवणकामावर घर. सून वाचते, सासू ऐकते. पुस्तक घरी गेल्यावर सासूबाईंचा निरोप आला की दुसरा भागही लगेच द्या, मधे गुरुवार नको.

*

कॅथरीन मार्शल यांची 'क्रिस्टी', 1967. एकोणीस वर्षांची मुलगी 1912 मध्ये टेनेसीच्या डोंगरातल्या मिशन शाळेत शिकवायला जाते. लेखिकेच्या आईच्या खऱ्या आयुष्यावरून लिहिलेली. ख्रिस्ती कादंबऱ्यांच्या पारितोषिकाला तिकडे हिचेच नाव आहे. एक पाळक, एक डॉक्टर, कोणाशी लग्न होणार ही उत्कंठा शेवटपर्यंत. पण माझ्या मनात राहिली ती फेअरलाइट, डोंगरातली लेकुरवाळी बाई, क्रिस्टीकडून वाचायला शिकलेली. ती टायफॉइडने जाते. प्रार्थना झाल्या होत्या. क्रिस्टीचा विश्वास मोडतो आणि पुन्हा उभा राहतो तेव्हा तो आधीसारखा नसतो. जिचे माणूस प्रार्थना करूनही गेले तिला मी हे पुस्तक देते, आणि काही बोलत नाही.

ही गोष्ट सांगितली त्या दिवशी सिंथिया फरार यांचे नाव निघाले. अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेने परदेशी धाडलेल्या पहिल्या अविवाहित बायांपैकी एक. 1827 मध्ये मुंबईत उतरल्या, 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा, 1862 मध्ये इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे काम शिकायला त्यांच्याकडे आल्याचे सांगतात. बोटीचे महिने, अनोळखी भाषा, मुलीला शाळेत धाडायला दारोदार विनवण्या; आणि पस्तीस वर्षे. परतीचे भाडे बोर्डाने दिलेच असते. एका मुलीने विचारले, "यांच्यावर कादंबरी का नाही?" मी म्हटले, तू लिही. ती हसली नाही. वहीत नाव-सन उतरवून घेतले.

*

पुरुषमंडळींपैकी कोणी कपाटाशी रेंगाळले तर 'क्वो व्हाडिस' पुढे करावी. सिएंकिएविच पोलंडचे, 1905 चे नोबेल. नीरोचे रोम, व्हिनिसियस आणि लिजिया. व्हिनिसियसला सुरुवातीला लिजिया घरात हवी असते, वस्तूसारखी. ती निसटते, आणि तिला शोधता शोधता तो बदलतो. रिव्हर्सबाईंची 'अ व्हॉइस इन द विंड' त्याच जातकुळीची: यरुशलेमच्या पाडावानंतर गुलाम झालेली हदस्सा. पहिला भाग देताना दुसरा हाताशी ठेवावा. नाहीतर रात्री अकराला फोन येतात.

*

पाऊस. सात जणीच आल्या. क्लार्क-मार्टीची शेवटची खेप होती. वसंत येतो, तांडा येतो, मार्टीला विचारायची वेळ येते. मी सावकाश सांगितले. आजी हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

गोष्ट संपल्यावर ती नर्स मुलगी कप विसळायला मागे राहिली. आता आईकडे राहते, दवाखान्यात रात्रपाळी करते, जमेल त्या गुरुवारी येते. गेल्या चार वर्षांत तिने कपाटातले एकही पुस्तक नेलेले नव्हते आणि मीही विषय काढला नव्हता. कप पुसून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, ती गेली असती, तर खरंच दिलं असतं त्यानं भाडं?"

"दिलं असतं."

"आणि मिसीला?"

"मिसीलाही पाठवलं असतं."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग स्वतःच जाऊन तिसऱ्या फळीवरून 'लव्ह कम्स सॉफ्टली' काढली आणि पदराने तिच्यावरची धूळ पुसली. मी कार्ड काढून तिचे नाव लिहिले. परतीच्या तारखेची जागा कोरी ठेवली.